धनराजशेठला मारलं कोणी

दुष्काळामुळे दोनदा पुढे ढकललेलं माझ्या थोरल्या भावाचं, तातेरावदादाचं लग्न शेवटी लागलं, ते साल १९७४. वैशाखात वहिनी घरात आली, चूल तिच्या हाती गेली आणि मी मोकळी झाले. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. नाव सत्यशीला. धम्मदीक्षेच्या वेळी मी आईच्या कडेवर होते. आधीचं नाव तिथंच राहिलं आणि हे नवं मिळालं. त्या पावसाळ्यात मी कुंभार पिंपळगावच्या शिवारात, कारभारी पाटलांच्या बिजवाईच्या, म्हणजे बियाणं तयार करायच्या प्लॉटवर कामाला जाऊ लागले.

बिजवाईची कपाशी म्हणजे नाजूक काम. मादीची झाडं वेगळ्या ओळींत, नराची वेगळ्या. उद्या कोणती कळी उमलणार ते दुपारी ओळखायचं. अंगठ्याच्या नखानं तिच्या पाकळ्या आणि आतले केसर अलगद सोलून टाकायचे, मधली काडी तेवढी ठेवायची आणि तिच्यावर लाल कागदाची टोपी घालायची. दुसऱ्या दिवशी सकाळी टोपी काढायची, नराचं फूल त्या काडीवर फिरवून पराग लावायचा आणि देठाला दोरा बांधायचा. आमच्या शेजारची चांगुणाबाई म्हणायची, "दोरा बांधला म्हंजी लगीन लागलं." या कामासाठी अंगठ्याचं नख वाढवावं लागे. बाकी बोटांची नखं मातीनं झिजलेली आणि अंगठ्याचं तेवढं लांब, असे आम्हा सगळ्या बायकांचे हात त्या हंगामात दिसायचे.

श्रावणातली सकाळ होती. पाऊस म्हणावा असा नाही, नुसती बुरबुर. पानांवर थेंब धरलेले, आणि कपाशीची फुलं पांढरट पिवळी, नुकती जागी झाल्यासारखी. मी पराग लावत होते. शेजारच्या वावरातल्या कपाशीतून एक पांढरा सदरा आला, काखेत कागदाची सुरळी दाबून, आणि सरळ आमच्या ओळीत पाऊल टाकू लागला.

"ओ भाऊ, तिथंच थांबा."

तो थांबला. एक पाय उचललेला, तसाच.

"बाहीला पराग लागलाय तुमच्या. तसेच ह्या ओळीत शिरले तर आमच्या कळ्यांना कुठला बी पराग लागंल. मंग बिजवाई कोणाची म्हणायची?"

"मंग पाय कुठं ठेवू?"

"जिथून आणला तिथं."

"मी बियाण्याच्या कंपनीकडून आलोय," तो म्हणाला. "प्लॉट बघायला."

"मंग तर तुम्हाला आधी कळायला पायजे."

मागच्या ओळीत चांगुणाबाई खुसखुसली. त्यानं पाय मागं घेतला. पाय आला, पण दुसऱ्या पायातली चप्पल काळ्या मातीत रुतून बसली. तो एका पायावर उभा राहून तिच्याकडे बघत राहिला... मला हसू आवरेना. मी खुरप्यानं चप्पल उकरून काढली आणि बांधावर ठेवली.

"शुक्रिया," तो म्हणाला. "नाव काय तुमचं?"

"चप्पल काढायला नाव कशाला लागतंय?"

त्याचं नाव देवानंद. ते ऐकून बायकांनी तोंडाला पदर लावले. तेव्हा तो परका होता, म्हणून आता लिहितानाही 'तो' म्हणते. पुढं तसं म्हणायची सोय राहिली नाही.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत तो लिंबाखाली आला. तिथं दोन माठ असायचे. एक पाटलांच्या घरचा, तिवईवर. दुसरा आमचा, थोडा अलीकडे, ओल्या पोत्यात गुंडाळलेला. त्याला तहान लागली होती. तो आमच्या माठाकडे वळला तशी मी म्हणाले, "साहेब, तुमच्यासाठी तो तिकडचा हाय."

"दिसला. मला ह्याच्यातलं पायजे."

मी तांब्यानं पाणी ओतलं. तो ओंजळीनं प्याला, तोंड पुसलं आणि हळूच म्हणाला, "जय भीम." त्याचे वडील कडूबा जालन्याला स्टेशनच्या मालधक्क्यावर हमाल होते, आणि तो मॅट्रिक होऊन कंपनीत लागला होता. कारभारी पाटील लांबून बघत होते. त्या दिवसापासून साहेबाला त्यांनी पाणी विचारलं नाही, आणि साहेबानं मागितलंही नाही.

"त्या कागदात काय हाय?" चांगुणाबाईनं विचारलं.

ते जालन्यातून निघणारं साप्ताहिक होतं. "बातम्या न्हाई वाचत मी," तो म्हणाला. "मागच्या पानावर खुनाची गोष्ट येते. तेवढ्यासाठी घेतो."

"कोणाचा खून?"

आमच्या सगळ्यांचे घास हातात राहिले.

गोष्ट अशी होती. धनराजशेठ म्हणून कापसाचा मोठा व्यापारी. एका सकाळी मुनीमानं खोली उघडली तर शेठ झोपाळ्यावर निपचित, अंगावर शाल. बाजूला दुधाचा पेला, अर्धा प्यालेला. झोपाळ्याखाली एकच जोडा. दुसरा सगळं घर शोधलं तरी सापडला नाही. दुपारच्या आत घाईघाईनं दहनही उरकलं. मग गावात कुजबुज सुरू झाली की शेठचं मरण साधं नव्हतं.

देवानंदचा आवाज फार मोठा नव्हता. पण तो वाचायला लागला की लिंबाखालचं ऊन-सावलीचं जाळं हलायचं थांबायचं, असं मला वाटे. झोपाळ्याची कडी कुरकुरली असं त्यानं वाचलं, आणि मी मान वळवून मागं पाहिलं.

"पुढं?" मी विचारलं.

"पुढचं पुढच्या अंकात. मी रविवारी येईन."

तो रविवारी आला. त्याच्या पुढच्या रविवारीही आला. मधे कधीतरी आडवारी मोठ्या साहेबाच्या मोटरसायकलवर मागं बसून यायचा, तेव्हा मात्र ओळख नसल्यासारखा कळ्या मोजायचा. रविवारी एकटा असे. सकाळच्या एसटीनं उतरून शेतापर्यंत पायी. प्लॉटभर एक चक्कर मारायचा, बाही झटकायचा — ती त्याला सवयच लागली — आणि लिंबाखाली येऊन बसायचा. आमच्यातलीच भाकरी खायचा. वहिनीनं केलेली अंबाडीची भाजी त्याला फार आवडे. मी ती जास्त न्यायला लागले, आणि वहिनी काही न विचारता जास्त करायला लागली.

बाकीचे दिवस आम्ही शेठच्या मरणाचा तपास करायचो. हात कळ्यांत, तोंड तपासात.

"दुसरी बायको," चांगुणाबाई म्हणे. "राती नवऱ्याला दूध कोण देतंय? बायकोच. मी दिलं असतं तर मी बी सापडले असते."

तुळजाबाईचा राग मुनीमावर. "मुनीम शेठचे पाय दाबीत व्हता ना? पायापसून गळ्यापतूर किती लांब असतंय?"

गिरिजाबाईचा संशय शेठच्या डॉक्टरवर. "ताप आला तरी सुई, न्हाई आला तरी सुई. त्यानंच दिली असंल एक जास्तीची."

"आन जोडा?"

"जोडा कुत्र्यानं नेला. त्यात काय तपास करायचाय?"

एका रविवारी देवानंदनं मलाच विचारलं. बाकीच्या हात धुवायला विहिरीवर गेल्या होत्या. "तुम्ही बोलत न्हाई. तुमचा संशय कोणावर?"

"कोणावरच न्हाई. शेठ मेलाच न्हाई."

"मंग झोपाळ्यावर कोण व्हतं?"

"ते तुमच्या पेपरवाल्याला विचारा. शालीखालचं तोंड कोणी पाह्यलं?"

तो विचारात पडला. "आन जोडा?"

"घाईत निघाला. चिखलात रुतला असंल जोडा, राह्यला तिथंच." मी त्याच्या पायांकडे बघितलं. "रुततेत कोणाकोणाचे."

त्यानं पाय आखडून घेतले, हसला. "एवढा पैसा, एवढं घर टाकून शेठ जाईल कुठं?"

"असंल कोणीतरी... वाट बघणारं."

बोलून गेले आणि भाकरीच्या फडक्याची गाठ मारायला वाकले. गाठ बसेना. कपाशीचं फूल सकाळी पांढरं असतं, दिवस कलला की गुलाबी होतं. त्या दुपारी माझ्या कानांचं तसंच झालं असावं, कारण तो पेपर सोडून तिकडेच बघत होता.

पोळा आला. पोळ्यानंतरच्या रविवारी त्यानं पेपर उघडला आणि म्हणाला, "आज बहुतेक कळंल खुनी."

का कोण जाणे, मला ते नको होतं. गोष्ट संपली की तो चक्कर मारून अर्ध्या तासात परत जाईल. लिंबाखाली बसायला त्याला मग काय कारण? मी माठाजवळ बसले होते. तिथूनच म्हणाले, "आज संपवू नका. शेठला अजून थोडं पळू द्या."

त्यानं पेपरमधून मान वर केली. माझ्याकडे बघितलं... मग पेपराकडे. मग वाचायला लागला. आणि काय नशीब, त्या दिवशी खुनी सापडलाच नाही. उलट दुसरी बायको त्या रात्री माहेरी होती असं निघालं. चांगुणाबाई हळहळली.

तिथून पुढं मजाच झाली. ज्या आठवड्यात आमच्यापैकी कोणी छातीवर हात मारून एखाद्याचं नाव घेई, त्याच्या पुढच्याच रविवारी तो माणूस निर्दोष सुटे. मुनीमाला रातांधळं निघालं. डॉक्टर त्या रात्री बाळंतपणाला गेलेला. गोष्ट कपाशीसारखी वाढतच चालली. त्या साली भाद्रपद अधिक आला होता. दसरा लांबला, आणि आमचे रविवारही वाढले.

त्या नादात एक दिवस आमच्या हातून गोंधळ झाला. तुळजाबाई आणि चांगुणाबाई मुनीमावरून भांडत होत्या. रातांधळा माणूस चाचपून गळा दाबू शकतो की नाही, असा वाद होता, आणि आम्ही सगळ्या त्यात शिरलो. भांडता भांडता एका पूर्ण ओळीच्या टोप्या काढल्या, दोरे बांधले आणि पराग लावायचाच विसरलो. दोन-तीन दिवसांत त्या ओळीतल्या कळ्या टपाटप गळल्या. दोरे बांधलेल्या काड्या मातीवर पडल्या होत्या, लाल दोऱ्यांसकट.

कारभारी पाटील ओळीच्या तोंडाशी उभे राहिले. "शेठचा खुनी सापडंल तवा सापडंल. माझ्या बोंडांचा खून कोणी केला ते मला बराबर माहीत हाय."

आम्ही माना खाली घातल्या.

"पुन्हा ह्या वावरात गोष्टीचं नाव काढलं तर बघा." ते वळले. चार पावलं गेले. थांबले. "आन काय गं चांगुणे... मुनीमाचं रातांधळं खरं धरायचं का? का ढोंग?"

ते रोज बांधावरच्या बैलगाडीमागं बसून ऐकत होते, हे आम्हाला तेव्हा कळलं.

भाद्रपद सरत आला. कळ्या विरळ झाल्या. हंगाम संपायला आला होता, आणि त्याच दिवसांत बाबांनी घरी सांगितलं की धावड्याचं एक स्थळ आहे, भोकरदनकडचं, माणसं चांगली आहेत, दसऱ्यानंतर बघायला येतील. मी 'बरं' म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते? ज्यानं काही विचारलंच नाही, त्याचं नाव कसं सांगायचं?

चांगुणाबाईच्या पोटात काही राहत नसे. पुढच्या रविवारी देवानंदनं पेपर उघडला तशी ती म्हणाली, "साहेब, गोष्ट जरा जल्दी आटपा. आमच्या पोरीला बघायला धावड्याचे पावणे येऊन राह्यले दसऱ्यानंतर. ती गेली धावड्याला, तर खुनी कोण ते तिला कसं कळायचं?"

त्याच्या हातातला कागद सरळ होता, तो त्यानं उगीच झटकून पुन्हा सरळ केला. मग वाचू लागला. त्या दिवशी गोष्टीत एक नवा माणूस आला. तरुण फौजदार. शेठच्या तपासासाठी तो गावात यायचा. तिथं एक मुलगी होती. फौजदाराला तिला एकच प्रश्न विचारायचा होता. पण तो भलतेच प्रश्न विचारायचा, भलत्याच माणसांना विचारायचा आणि तपास लांबवायचा. कारण तपास संपला की गावात यायचं कारण संपणार होतं.

"येडा हाय का फौजदार?" तुळजाबाई म्हणाली. "विचारून टाक म्हणावं."

"त्याला भ्या वाटतं," देवानंद पेपरात बघत म्हणाला. "ती न्हाई म्हणाली तर... मग रविवार कसे जातील?"

मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसले होते. ते कितीतरी वेळा गुंडाळलं आणि सोडलं. पेपरात छापलेला फौजदार तो. त्याचं माझ्याशी काय? तरीही संध्याकाळी घरी येताना रस्ता पायाखाली आहे की नाही तेही मला कळत नव्हतं.

वाटेत पुष्पाबाईंच्या दारात थांबले. शाळेतल्या मास्तरांच्या त्या मंडळी. अंबाडीची जुडी त्यांना द्यायची होती. कौतुकानं मीच विषय काढला. "तुमच्याकडं बी येतो ना तो पेपर? आज फौजदाराचं लई गोड व्हतं."

"कोणता फौजदार?"

"धनराजशेठच्या गोष्टीतला."

पुष्पाबाई माझ्याकडे बघत राहिल्या. "अगं, ती गोष्ट तर पोळ्याच्या अंकात संपली. आता तिथं राशीभविष्य येतं. खुनी कोण निघाला माहीत आहे का, तो —"

"नका सांगू," मी म्हणाले.

का म्हणाले ते मलाही कळलं नाही. कानात नुसतं घुमत होतं. आम्हाला अक्षर येत नाही. म्हणून तो भलताच कागद धरून काहीही वाचणार, आणि आम्ही तोंड उघडं टाकून ऐकणार. जालन्याला जाऊन मित्रांत हसत असेल. डोळे भरून आले ते दिसू नयेत म्हणून मी आत बघितलं. ओसरीवर मास्तर बनियनवर बसून आरामात दाढी करत होते.

"मास्तर दाढीला आत्ता बसले व्हय?" काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं.

"रविवार नाही का आज? सुट्टी."

मी पायरी उतरत होते, ती थांबले. "रविवारी शाळाच बंद असती, का... जालन्याची हाफिसं बी?"

"सगळंच बंद. बँका, कंपन्या, सगळं."

रोजानं जाणाऱ्या बाईला रविवार नसतो. पाऊस आला तर सुट्टी, नाही तर काम. म्हणून इतक्या रविवारांत आमच्यापैकी एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं की कंपनीचा माणूस सुट्टीच्या दिवशी कोणता प्लॉट बघायला येतो.

तो आठवडा मी कसा काढला ते सांगता येणार नाही. सकाळी राग असायचा. दुपारी राग कमी व्हायचा. संध्याकाळी आभाळ गुलाबी झालं की राग कुठं गेला ते शोधावं लागे.

शेवटचा रविवार उजाडला. दसरा त्या आठवड्यात होता. ऊन होतं आणि उन्हातच बारीक पाऊसही. देवानंद आला, बाही झटकली, लिंबाखाली बसला. बायका अजून ओळीत होत्या. मी त्याच्यासमोर उभी राहिले.

"साहेब, पेपर माझ्या हातात द्या."

"तुम्हाला..."

"वाचता येत न्हाई. बघता तर येतंय. धनराजशेठ कुठं लिहिलाय ते दाखवा."

त्यानं पेपर उलगडला. बोट कागदावर ठेवलं, पण ते एका जागी टिकेना. "इथं..."

"इथं तर विंचू काढलाय. त्याच्या बाजूला खेकडा. शेठला काय विंचू चावला?"

त्यानं बोट काढून घेतलं. पावसाचा एक थेंब कागदावर पडला आणि पसरला.

"आम्ही अडाणी म्हणून खेळवलं आम्हाला."

"न्हाई," तो म्हणाला. "बिलकुल न्हाई. पोळ्यानंतरच्या रविवारी मी छापलं व्हतं तसंच वाचणार व्हतो. तुम्ही त्या माठापाशी बसल्या व्हत्या. म्हणाल्या, आज संपवू नका. मंग मी कसं संपवू?"

मी कागदावरचा थेंब पदरानं टिपला.

"आठवडाभर मी तेच करायचो. एसटीत, कंपनीत. चांगुणाबाईनं बायकोचं नाव घेतलं की बायकोला माहेरी धाडायचं. रातांधळं सुचायला तीन दिवस लागले मला."

हसू येऊ नये म्हणून मी ओठ दाबून धरले. "आन रविवार?"

"कोणता रविवार?"

"सुट्टीचा."

तो कानापर्यंत लाल झाला. "ते बी कळलं का?"

"आम्हाला रविवार नसतो, साहेब. पर मास्तरला असतो."

वारा आला. लिंबाची पिवळी पानं आमच्या दोघांच्या मध्ये पडली. लांब ओळीत तुळजाबाई मुनीमाला शिव्या देत होती.

"तुमच्या फौजदाराला काय विचारायचं व्हतं?" मी विचारलं.

"त्याला... त्याला विचारायचं व्हतं की, धावड्याचे पावणे आले तर ती पोरगी काय म्हणंल?"

"ते पावणे काय बोलतेत त्याच्यावर हाय."

"आन त्यांच्या आधी दुसरं कोणी आलं तर?"

मी माझ्या अंगठ्याच्या नखाकडे बघत होते. परागानं ते पिवळं झालं होतं. "फौजदाराला म्हणावं, पोरीला काय विचारतो? तिच्या बापाला विचार. दसऱ्याला, धम्मचक्र दिनाला, बाप घरीच असतो."

त्यानं पेपराची घडी केली आणि उठला. आम्ही दोघं समोरासमोर उभे होतो, उन्हात आणि पावसात. मग त्यानं विचारलं, "खरं कोणी मारलं ते सांगू?"

"लगीन न्हाई जमलं तर सांगा," मी म्हणाले. "जमलं तर कधीच सांगू नका."

त्या दुपारी त्यानं सगळ्यांना शेवट वाचून दाखवला. शेठ मेला नव्हता. एक जोडा चिखलात टाकून तो कोणाच्या तरी वाटेला लागला होता. चांगुणाबाईला हा शेवट मुळीच पटला नाही. "मंग दूध वाया गेलं की," ती म्हणाली. पण जाताना तिनं माझा हात धरून अंगठ्यावरून बोट फिरवलं आणि हळूच विचारलं, "दोरा बांधला का?"

दसऱ्याला सकाळी बाप-लेक आले. कडूबा, धुतलेलं धोतर नेसून, आणि त्यांच्यामागं देवानंद, दोन्ही चपला धड घालून. बाबांनी गाव विचारलं, काम विचारलं, घर विचारलं. तातेरावदादा भिंतीला टेकून गप्प बसला होता. दादा बोलल्याशिवाय बाबा शब्द देणार नाहीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी दाराआड उभी, चौकटीला नख रुतवून.

शेवटी दादा खाकरला. "आमच्या सत्यशीलाला तुम्ही दोन महिने खोटी गोष्ट ऐकवली म्हणं."

देवानंद खाली बघत म्हणाला, "व्हय."

"दर रविवारी घरी येऊन ती आम्हाला सांगायची. जेवताना दुसरा विषय नसायचा." दादा थांबला. "मला एक सांगा. मुनीमाला रातांधळं खरंच व्हतं का?"

"न्हाई. ते मी घातलं."

"मला वाटलंच व्हतं," दादा बाबांकडे वळून म्हणाला. "हुशार हाय पोरगा. देऊन टाका." आत वहिनीच्या हातातला तांब्या पडला. बाबांनी दुसऱ्याच दिवशी धावड्याला निरोप पाठवला.

मी संध्याकाळी नख कापलं.

लग्नानंतर जालन्याला आलो. स्टेशनच्या मागं दोन खोल्या. रविवारी ते मला गोष्ट वाचून दाखवत, मी भाजी निवडत ऐके. "तुला अक्षरं शिकवतो," ते म्हणत. मी म्हणे, "मंग मला वाचून कोण दाखवंल?" असं म्हणत म्हणत मुलं मोठी झाली, शिकली, त्यांच्या त्यांच्या वाटेला लागली.

मग त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. आधी कडा गेल्या, मग मधलंही धूसर झालं. एका रविवारी पुस्तक उघडून ते खूप वेळ बसले, आणि मिटून ठेवलं. दुसऱ्या दिवशी मी प्रौढांच्या वर्गात नाव घातलं. केस पांढरे झाले होते. पाटीवरचा 'श' मला फार दिवस छळत राहिला. माझ्याच नावात होता तो.

हळूहळू मी वाचायला लागले. वाचनालयातून खुनाची पुस्तकं आणायची आणि रविवारी दुपारी त्यांच्या खाटेशी बसायचं. मी अडखळे, ते थांबत. शेवट जवळ आला की ते म्हणत, "आज संपवू नको." मग मीही पुस्तक समोर धरून एखाद्याला माहेरी पाठवी, एखाद्याला रातांधळा करी.

एकदा ते ऐकता ऐकता हसायला लागले. "हा खुनी पुस्तकातला न्हाई. हा तुझा हाय."

"तुम्हाला कसं कळलं?"

"विंचू दिसला मला," ते म्हणाले, आणि त्यांनी चाचपून माझा अंगठा धरला.

धनराजशेठला खरोखर कोणी मारलं ते त्यांनी मला कधीच सांगितलं नाही. तसं ठरलंच होतं. पुष्पाबाईंना विचारता आलं असतं, त्या परवापर्यंत होत्या. मी विचारलं नाही.

देवानंद वारले ते ९ ऑक्टोबर २०१६ रोजी, दसऱ्याला दोन दिवस असताना, जालन्यात, आपल्या घरी, सकाळी झोपेतच. त्यात संशय घेण्यासारखं काही नव्हतं. रविवार होता.